पोस्ट उडते तीन तासांत, चोरीचे पैसे का सापडत नाहीत?

आडवाटेचा

दोन आकडे आधी मांडतो, मग भांडू.

२०२४ या एका वर्षात सायबर भामट्यांनी भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये लांबवले. आकडा माझा नाही, सरकारनेच लोकसभेत दिलेला आहे. आदल्या वर्षी हाच आकडा ७,४६५ कोटी होता. म्हणजे बारा महिन्यांत तिप्पट. दुसरा आकडा अगदी लहान आहे: ३. फेब्रुवारी २०२६ मध्ये आयटी नियमांत दुरुस्ती झाली आणि सरकारी किंवा न्यायालयीन आदेश आल्यावर मजकूर उतरवायला कंपन्यांना जे ३६ तास मिळायचे, ते ३ तास झाले.

इंटरनेटवर सरकारचा अंकुश हवा की नको, हा वाद माझ्या लेखी संपलाय. हवाच आहे. ज्यांना नको वाटतो त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांना अजून 'सीबीआय'चा व्हिडिओ कॉल आलेला नाही, एवढंच. माझा प्रश्न असा की हा अंकुश टोचतो कोणाला?

पालघर आठवतंय? नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली आणि एका तरुण मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद कशासाठी. तिच्या मैत्रिणीने ते नुसतं लाइक केलं. दोघींना अटक. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली ती वेगळीच. तेव्हा हाताशी होतं आयटी कायद्याचं कलम ६६अ. कोणाला 'त्रास' झाला, 'गैरसोय' झाली, की तीन वर्षांपर्यंत कैद. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द केलं. तरी ठाण्याठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवणं सुरूच राहिलं, इतकं की ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की बाबांनो, हे कलम मेलेलं आहे.

आता दुसरं टोक. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. 'मुलं पळवणारी टोळी फिरतेय' हे मेसेज आधीच फोनाफोनांवर फिरत होते. आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. तेव्हा 'शब्दांनी काय होतंय' असं इथे कृपया कोणी लिहू नये. त्यानंतर जे काही झालं, त्यात मला त्यातल्या त्यात शहाणपणाचं वाटलं ते व्हॉट्सअ‍ॅपने त्याच महिन्यात केलेलं काम: भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल. त्यात कोणाचं तोंड बंद झालं नाही, फक्त पसरण्याचा वेग कमी झाला.

आणि चोर? 'डिजिटल अरेस्ट' (खोटा पोलीस किंवा सीबीआयवाला व्हिडिओ कॉलवरच तुम्हाला 'अटक' करून पैसे उकळतो, ते) नावाचं काही कायद्यात नाही, हे खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मधून सांगितलं. तरी लोक दिवसचे दिवस कॅमेऱ्यासमोर बसून मुदत ठेवी मोडत राहिले. १ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. (ज्यांच्या नावाने फोन येतात त्यांच्याकडेच. आता खरा सीबीआयवाला फोन करील तर कोण उचलणार?) या धंद्याला सिम लागतं, खातं लागतं आणि बोलणारा माणूस लागतो. सिम आपल्या दुकानातलं, खातं आपल्या बँकेतलं. माणूस म्यानमार किंवा कंबोडियात कुंपणाआड बसलेला, आणि त्यांतले कित्येक आपलेच, नोकरीच्या आमिषाने नेलेले. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी असे पाचशेवर भारतीय परत आणले.

माझं म्हणणं एवढंच आहे की बोलणारा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गावात बसलेला असतो, म्हणून तोच सापडतो. नियमांचा जोरही मग त्याच्यावरच चालतो. चर्चा करा. पक्षांची धुणी इथे नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

उगाचच

मी पयला! वाचून येतो.

सरळसोट

धागाकर्त्याने ३ तासांची थट्टा केलीय म्हणून लिहितो. मी कोल्हापूरचा. जून २०२३ मध्ये काही पोरांनी ठेवलेल्या स्टेटसवरून शहर पेटलं. बंद, दगडफेक, लाठीमार, आणि मग जिल्ह्याचं नेट बंद. माझं दुकान ऑनलाइन पेमेंटवर चालतं, त्या दिवशी गल्ल्यात काय आलं विचारू नका. कोणी तरी स्टेटस ठेवणार, त्याचे स्क्रीनशॉट फिरणार, आणि शिक्षा ज्याने ते पाहिलंही नाही त्याला. त्यापेक्षा तो मजकूर तासाभरात उडवला असता तर काय बिघडलं असतं? दंगल ३६ तास थांबत नाही हो. अभिव्यक्ती वगैरे ठीक आहे, पण ती शटर खाली ओढून घरात बसलेल्याला शिकवू नका.

आडवाटेचा

@सरळसोट, नेटबंदीबाबत शंभर टक्के सहमत. तीन तासांची थट्टा नाही केली. तीन तासांत उडवायचं काय, हे ठरवणारा कोण आणि तो कोणाला उत्तर देतो, एवढंच विचारतोय.

खटलेबाज

वकिली करतो, म्हणून थोडं तांत्रिक. सहन करा.

मजकूर उतरवण्याचे सरकारकडे दोन दरवाजे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला आयटी कायद्याचं कलम ६९अ. त्यात कारणं मोजकी आहेत: देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. त्यासाठी २००९ चे नियम आहेत, समिती आहे, सुनावणीची तरतूद आहे. मात्र त्यातल्याच नियम १६ ने सगळा व्यवहार गोपनीय ठेवलाय. त्यामुळे तुमची पोस्ट कोणत्या कारणाने गेली हे बहुतेक वेळा तुम्हाला कळतच नाही.

दुसरा दरवाजा त्याच कायद्याचं कलम ७९. मुळात ते कंपन्यांना संरक्षण देणारं कलम. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी तुम्हाला जबाबदार धरणार नाही, पण सरकारने कळवल्यावरही तो ठेवलात तर संरक्षण गेलं. 'सहयोग' नावाचं गृहखात्याचं पोर्टल चालतं ते याच्या जोरावर. वेगवेगळ्या राज्यांचे आणि खात्यांचे अधिकारी तिथून थेट कंपन्यांना कळवतात. 'एक्स'ने याविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली. सप्टेंबर २०२५ मध्ये याचिका फेटाळली गेली. मात्र त्यानंतर महिन्याभरात सरकारने स्वतःच नियम बदलला: असा आदेश आता सहसचिव किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच द्यायचा, पोलिसांकडून असेल तर उपमहानिरीक्षक किंवा वरच्याने, आणि कारण लेखी. म्हणजे त्याआधी खालच्या पायरीवरूनही कागद सुटत होते, हे सरकारनेच मान्य केल्यासारखं झालं. ही सुधारणा चांगली आहे, पण पोस्ट लिहिणाऱ्याला कळवण्याचं बंधन त्यातही नाही.

आणि आपल्या मुंबईचा निकाल विसरू नका. केंद्र सरकारविषयी 'खोटी' माहिती कोणती हे सरकारचाच कक्ष ठरवणार, असा नियम एप्रिल २०२३ मध्ये आला होता. विनोदवीर कुणाल कामरा व इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाला, तिसरे न्या. अतुल चांदूरकर यांनी पटेलांच्या बाजूने कौल दिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरला. आपल्यावरच्या आरोपांचा न्याय आपणच करायचा, ही सोय तिथे तरी मिळाली नाही.

जाईजुई

सगळे पुरुष आयडी आणि सगळी चर्चा राजकीय पोस्टींची. जरा दुसरीकडे बघा.

आमच्या नात्यातली मुलगी, कॉलेजला. कोणीतरी तिच्या साध्या फोटोंवरून घाणेरडे फोटो बनवले आणि तिच्याच नावाच्या खोट्या खात्यावर टाकले. आई-बाप ठाण्यात गेले तर सल्ला मिळाला, 'कशाला लिहून देता, मुलीचंच नाव होईल.' अशा वेळी एकेक तास म्हणजे काय असतो ते मला विचारा. २०२१ च्या नियमांत अशा फोटोंसाठी २४ तासांची मुदत होती, आता २ तासांची आहे. त्यासाठी न्यायालय नको, सहसचिव नको, बाधित व्यक्तीची तक्रार पुरे. ही तरतूद ज्याने लिहिली त्याचे मी आभार मानते.

ज्यांना गरज पडेल त्यांच्यासाठी: केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देता करता येते. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची एक मोफत सेवा आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो पुन्हा चढू देत नाहीत. हे महत्त्वाचं, कारण एका खात्यावरून उडवलेला फोटो संध्याकाळी दुसऱ्यावर येतो. आणि कितीही किळस आली तरी आधी स्क्रीनशॉट, लिंक, वेळ जपून ठेवा. आमच्याकडे घाबरून सगळं डिलीट केलं गेलं, मग पोलिसांना दाखवायला काहीच उरलं नाही.

रानभूल

जाईजुईताई, +१००. मुलगी कशी आहे आता?

जाईजुई

परीक्षा दिली. इन्स्टा बंद केलंय तिने. म्हणजे बंद झालं ते तिचंच.

मेलबर्नकर

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात सरकारने वेगळीच वाट धरलीय. १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब वगैरेंवर खातं ठेवता येत नाही. दंड मुलांना नाही, पालकांनाही नाही. कंपन्यांना, तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅप वगळलंय, त्यामुळे आजी-नातवंडांचे फोन चालू आहेत आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरची भांडणंही.

घरातला अनुभव संमिश्र. थोरला सोळा पूर्ण, त्याला काही फरक नाही. धाकटीचं खातं गेलं, दोन आठवडे घरात सुतक होतं. तिच्या वर्गातल्या काहींनी कॅमेऱ्यासमोर भुवया कोरून, मिश्या काढून वय वाढवलं म्हणे. पण एक गोष्ट जाणवली: 'सगळ्यांकडे आहे, मलाच का नाही' हे वाक्य बंद झालं. एकट्या पालकाला नाही म्हणणं जमत नव्हतं, ते सरकारने सगळ्यांच्या वतीने म्हटलं. वय तपासायला उद्या चेहरा आणि ओळखपत्र कोणाकडे जाणार, ही धाकधूक आहेच. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून प्रौढांच्या साइटींसाठी वयाचा पुरावा सुरू झाला, तर लोकांनी सरळ व्हीपीएनचा (आपण कुठल्या देशातून आलो ते लपवायची सोय) रस्ता धरला.

उगाचच

वाचून आलो. आपल्याकडे भुवया कोरायची गरजच नाही, आधार कार्डावरच्या फोटोत सगळे साठीचे दिसतात.

सरळसोट

मेलबर्नकर, आपल्याकडेही कंपन्यांवर थेट बडगा उगारला गेलाय हो. ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा बघा. पैशांचे खेळ सरसकट बंद, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्या गल्लीतला एक पोरगा रमीत बापाची पिग्मी घालवून बसला होता. त्याच्या बापाला विचारा सरकार चुकलं का.

उगाचच

रमीवर मी काही बोलत नाही. विधिमंडळात काय काय रेकॉर्ड होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पासबुक

बरेच दिवस फक्त वाचत होतो. आज राहवलं नाही, कारण धाग्याच्या शीर्षकातला प्रश्न रोज माझ्या टेबलावर येतो. एका सहकारी बँकेत शाखा सांभाळतो.

आधी भाड्याची खाती. म्यूल अकाउंट म्हणतात ती. पोरं येतात, वीस-बावीस वर्षांची, कागदपत्रं चोख. खातं उघडतात आणि पासबुक, एटीएम कार्ड, सिम असा 'किट' काही हजारांत कोणाला तरी देऊन टाकतात. त्यांना वाटतं 'आपल्या खात्यात तर शून्य आहे, कोण काय नेणार?' महिन्याभराने त्याच खात्यातून लाखोंची उलाढाल होते आणि त्यांच्या दारात पोलीस. अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' नावाची प्रणाली केलीय. पण लहान बँकांत अजून बरंचसं काम डोळ्यांवर आणि अनुभवावर चालतं.

आता पैसे का सापडत नाहीत. माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करतो. (महाराष्ट्रात १९४५ सुद्धा आहे.) तक्रार यंत्रणेत चढली की पहिल्या बँकेला निरोप जातो: अमुक व्यवहाराची रक्कम रोखा. आम्ही बघतो तोवर ती दुसऱ्या बँकेत गेलेली, तिथून सात-आठ खात्यांत फुटलेली, काही एटीएममधून निघालेली, काहीचं क्रिप्टो झालेलं. पहिल्या तासाभरात फोन आला तर काही तरी हाताला लागतं. आपले लोक आधी मुलाला फोन करतात, मग जावयाला, मग दोन दिवस लाजेने गप्प बसतात. त्यात स्वतःच्या हाताने ओटीपी टाकून पाठवलेल्या पैशाला रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा 'कामकाजाच्या तीन दिवसांत कळवा, नुकसान शून्य' हा नियम लागू होत नाही. तो तुमच्या चुकीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे.

आणि आता जे कोणी बोलत नाही ते. सातव्या-आठव्या हातात पैसे पोचतात तेव्हा त्यातले दोनशे-पाचशे रुपये एखाद्या भाजीवाल्याकडे जातात. भामट्याच्या साखळीतल्या कोणीतरी त्याच्याकडे टोमॅटो घेतले, क्यूआर स्कॅन केला, बस. त्या पाचशेच्या मागे दूरच्या कुठल्या राज्यातल्या ठाण्याचा मेल येतो आणि त्याचं अख्खं खातं गोठतं. पहाटे मार्केट यार्डात माल उचलायला पैसे नाहीत, आणि मी काउंटरच्या या बाजूला बसून त्याला सांगायचं, 'तिकडच्या पोलिसांना विचार.' त्याला ना ती भाषा येते, ना ते गाव माहीत. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं होतं की संशयित रकमेपुरतंच गोठवा, सगळं खातं नको. बँका मात्र पोलिसांच्या मेलला घाबरतात. घाबरणारच, उद्या पैसे निघून गेले तर आमच्यावर येईल.

खटलेबाज

पासबुकसाहेब, तुमच्या प्रतिसादाने धागा उलटा झाला. कारण कायद्यात बघा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १०२. चोरीच्या संशयाची मालमत्ता 'कोणताही पोलीस अधिकारी' ताब्यात घेऊ शकतो, आणि बँक खात्यालाही ते लागू पडतं. म्हणजे फेसबुकची पोस्ट उतरवायला उपमहानिरीक्षकाची सही आणि लेखी कारण. भाजीवाल्याचं खातं बंद करायला ठाण्यातला एक मेल पुरे.

आडवाटेचा

हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं. म्हणजे बोलणारा तर टोचून घेतोच, आणि पैशाच्या बाजूलाही जो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गावात बसलाय तोच सापडतो. मग जी चौकट मजकुरासाठी २०२५ च्या ऑक्टोबरात आणली तीच इथे का नको? वरचा अधिकारी, लेखी कारण, ठरावीक दिवसांत फेरविचार. शिवाय ज्याचं गोठवलं त्याला एक एसएमएस तरी: कोणी, किती रकमेसाठी, दाद कुठे मागायची.

सरळसोट

वरच्या अधिकाऱ्याच्या सहीची वाट बघत बसलं तर पहिला तास गेला की. पासबुक आत्ताच म्हणाले, तासाभरातच काय ते हाताला लागतं.

पासबुक

रोखायला सही नकोच. रोखा ताबडतोब, पण रकमेपुरतं. सही आणि कारण हवं ते चोवीस तासांनंतरही रोखून ठेवायला.

खटलेबाज

याला दुजोरा. नेटबंदीबाबत अनुराधा भसीन खटल्यात (जानेवारी २०२०) सर्वोच्च न्यायालयाने हाच मार्ग दाखवला होता: आदेश प्रसिद्ध करा, ठरावीक काळाने फेरतपासणी करा. पाळला किती जातो तो भाग वेगळा. आणि ॲप लादण्याचा मार्ग चालत नाही हेही आपण पाहिलं. २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' पोर्टलचं ॲप घालण्याचा हुकूम निघाला, ओरड झाली, आठवड्याच्या आत मागे. वाईट याचं वाटतं की ते पोर्टल मुळात कामाचं आहे. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते तिथे दिसतं. प्रत्येकाने एकदा बघावं. सक्तीने घातलं असतं तर लोकांनी ते पाळत म्हणून पाहिलं असतं आणि वापरलं नसतं.

जाईजुई

बघितलं आत्ता. सासूबाईंच्या नावावर तीन सिम. त्या बटणाचा फोन वापरतात.

पासबुक

ताई, तिथेच 'हा नंबर माझा नाही' असा पर्याय आहे. आजच नोंदवा, उद्यावर टाकू नका.

रानभूल

पासबुक, एक अडचण आहे, वेगळा धागा काढत नाही. वडिलांचं रसवंतीचं छोटं दुकान आहे. खात्यावर लिअन (म्हणजे काही रक्कम अडकवलीय) म्हणून आलंय, बँक म्हणते आम्हाला माहीत नाही. काय करायचं?

पासबुक

बँकेला माहीत असतं, सांगायचा कंटाळा असतो. शाखेत लेखी अर्ज द्या आणि तीन गोष्टी मागा: सायबर तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कुठल्या राज्याचं कोणतं ठाणं, आणि नेमकी किती रक्कम. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. रक्कम लहान असेल तर तेवढीच अडकवून बाकीचं मोकळं करा असंही त्याच अर्जात लिहा. मग त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला मेल: दुकानाचा परवाना, त्या दिवसाचे व्यवहार, उधारीची वही असेल तर तिचे फोटो. उत्तर नाही आलं तर खटलेबाज सांगतील.

खटलेबाज

त्याच नव्या संहितेचं कलम ५०३, जुनं ४५७, त्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पण तिकडच्या न्यायालयात करावा लागेल, म्हणून आधी मेलवर जोर द्या. अर्ध्याअधिक प्रकरणी नीट कागद पाठवले की सुटतं, असा माझ्याकडच्या अशिलांचा अनुभव.

रानभूल

शाखेत जाऊन आलो, शिक्का घेतला. दक्षिणेतल्या एका राज्यातलं ठाणं आहे, रक्कम ३८० रुपये. पत्र मराठीत चालेल का?

खटलेबाज

इंग्रजीत लिहा. मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, त्यात नाव-गाव भरा.

उगाचच

३८० रुपये?? रसाच्या किती ग्लासांचे?